प्रज्ञा घाट उतरते

करंजी घाटाच्या दुसऱ्या वळणाअगोदर प्रज्ञाने ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय नुसताच खाली गेला. नुकत्याच भिजवलेल्या वाफ्यात पाऊल पडावं तसा, मऊ, बिनविरोध, पार तळापर्यंत. तिने पाय उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा तसंच. गाडीने त्याची काही दखल घेतली नाही. पाण्याकडे निघालेल्या म्हशीसारखी ती आपली पुढे जात राहिली. वळण आलं, प्रज्ञाने ते घेतलं, टायरांखाली खडी करकरली आणि दरी पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली. एवढं सगळं व्हायला एखादा श्वास लागला असेल. शेजारच्या सीटवर तिचा नवरा प्रवीण बोलत होता. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तो डाव्या हाताने हवेत आकृती काढत होता. "म्हणजे बघ," तो म्हणाला, "पेट्रोल जळताना कार्बन किती सुटतो आणि गॅस जळताना किती. आपली गाडी दोन्हीवर चालते. जपानात आता असली एक गाडी निघालीय, पेट्रोल आणि बॅटरी मिळून. पेपरात आलं होतं. हायब्रीड म्हणतात तिला. आपण शेवगावात बसून तेच केलंय, फक्त बॅटरीच्या जागी गॅस." मागच्या सीटवरून त्याची आई, गीताबाई, म्हणाली, "हायब्रीडच्या भाकरीला चव नसती." ती ज्वारीबद्दल बोलत होती. मायलेकांचं या विषयावरचं संभाषण गेलं वर्षभर असंच चाललं होतं, आणि दोघांनाही आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होती.

प्रवीण शेवगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने नगरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची ही पांढरी गाडी विकत घेतली, आणि घेतल्या दिवसापासून ती डॉक्टरांनी ठेवली होती तशी एकदाही राहू दिली नाही. डिकीत स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बसवली. तिथून गाडीच्या पोटाखालून इंजिनापर्यंत तांब्याची नळी ओढली. स्टिअरिंगशेजारी एक बटण लावलं: वर केलं की पेट्रोल, खाली केलं की गॅस, मधोमध ठेवलं की काहीच नाही. नळीला जागा करताना हँडब्रेकची तार आडवी येत होती, ती त्याने तेवढ्यापुरती सोडवून ठेवली. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बसवायची होती. कोणत्या दिवाळीच्या, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. महिन्यापूर्वी टाकी बदलताना तो टाकीसकट पडला. टाकीला काही झालं नाही, हाच या चाचणीचा निष्कर्ष म्हणून त्याने दवाखान्यात सांगितला. तेव्हापासून गाडी प्रज्ञाकडे आली. तिचं लायसन दोन महिन्यांचं होतं. आज मनगटाचा फोटो काढायला ती त्याला नगरला घेऊन गेली होती, गीताबाई बहिणीला भेटायला म्हणून बरोबर आली होती, आणि नगरच्या गर्दीत ब्रेक व्यवस्थित लागत होता. सकाळी घाट चढतानाही तिला काही वाटलं नव्हतं. चढाला ब्रेक लागतच नाही. किती साधी गोष्ट, आणि दिवसभरात एकदाही मनात आली नाही, असं तिला आता वाटलं. असल्या वेळी मन भलत्याच गोष्टींना साध्या म्हणत सुटतं.

ब्रेक लागत नाही. तीनच शब्द. ते बोलले की काय होणार, हे तिला अठरा वर्षांच्या संसारामुळे पाठ होतं. प्रवीण आधी म्हणणार, नीट दाब. मग म्हणणार, दाबतेयस तो ब्रेकच आहे ना, बघ. मग तो वाकून स्वतः बघणार. आणि मग त्याचा तो एकुलता एक धड हात स्टिअरिंगवर येणार. घरातली कुठलीही वस्तू दुसरं कुणी दुरुस्त करतंय हे त्याला बघवत नसे. मिक्सर असो, रेडिओ असो, मुलीचा निबंध असो. वाईट स्वभावाचा माणूस नव्हता. उलट इतक्या आस्थेने हात घालायचा की वस्तूला मोडण्यावाचून गत्यंतर राहत नसे. शिवाय प्रज्ञाचा धंदाच असा की ऐकायचं पुष्कळ आणि बोलायचं एकच वाक्य. पंधरा वर्षं ती शेवगावच्या टेलिफोन कचेरीत तक्रारींच्या टेबलावर होती. तिकडून माणूस रडत असो, शिव्या देत असो, कुणी गेलं म्हणून निरोप द्यायचाय नि फोन बंद आहे म्हणून कळवळत असो, प्रज्ञा एकाच आवाजात सांगायची, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. आताही छातीत कुणीतरी ओरडत होतं, गाव शेवगाव, नंबर ठाऊक नाही, ब्रेक बंद आहे, आणि तिने त्याला त्याच आवाजात नोंद घेतल्याचं सांगितलं. मग क्लच दाबला आणि तिसऱ्यावरून दुसरा टाकला.

इंजिन किंचाळलं. गाडी मागून कुणी शेपूट धरल्यासारखी आखडली. प्रवीणची आकृती अर्धी राहिली. "दुसरा कशाला टाकलास? उताराला तिसराच ठेवायचा. गॅसवर गाडीचं तंत्र वेगळं असतं." "असू द्या," प्रज्ञा म्हणाली. "असू द्या काय, इंजिन तापेल." "तापू द्या." एवढे दोन शब्द बोलताना आपला आवाज अगदी रोजचा आला, याचं तिला नवल वाटलं. तिचा उजवा पाय मात्र तिचं ऐकत नव्हता. तो ब्रेक दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. ब्रेक गेला की पाय मारत राहावं, कधीकधी थोडा भरतो, असं मोटार स्कूलच्या मास्तरांनी सांगितलं होतं. ते सांगताना मास्तर भजी खात होते, त्यामुळे ही माहिती फारशी लागणार नाही असं तिला तेव्हा वाटलं होतं. ब्रेक भरत नव्हता. पायाखाली नुसती हवा होती.

"प्रज्ञा, आगं थांबव की जरा," मागून गीताबाई म्हणाली. "का हो आई?" "का म्हंजे? बहिनीनं दोन कप च्या पाजला, वर उसाचा रस. लगवीला जायाचंय." "पुढं थांबते." "पुढं कुठं? ही बाभळ काय वाईट हाय?" बाभूळ मागे गेली. "वळण आहे ना इथं, आई." "मग मी वळनाला काय करनार हाय?" प्रवीण म्हणाला, "थांब ना, ती म्हणतेय तर. तेवढंच इंजिन निवेल." "पुढं सावली आहे," प्रज्ञा म्हणाली. हे तिला कुठून सुचलं ते तिलाही कळलं नाही. "सावली काय करायची मला," गीताबाई म्हणाली, "मी काय निजायला चाललेय व्हय?"

उतार चालूच होता. वेगाच्या काट्यावर प्रज्ञाचं लक्ष नव्हतं. वेग तिला कानांत कळत होता आणि तळपायाला. तळपायाची ही ओळख जुनी होती. तिचे वडील भीमराज राहुरीला कृषी विद्यापीठात ज्वारीच्या वाफ्यांवर मजूर होते. ज्वारीच्या फुलोऱ्याला कागदी पिशव्या बांधायचं काम ते करायचे, आणि संध्याकाळी सुटल्यावर प्रज्ञाला सायकलवर मागे बसवून कालव्याच्या कडेने गावात न्यायचे. सायकलीला ब्रेक नव्हता. तो असावा असं भीमराजना कधी वाटलंच नाही. कालव्यावरून गावाकडे उतार लागला की ते पुढच्या टायरवर चप्पल टेकवायचे आणि मोठ्यानं ओरडायचे, "बाजूला व्हा, ब्रेक न्हाई." शाळेच्या पोरी, मास्तर, पाणी भरायला निघालेल्या बाया, सगळ्यांना ते असं सांगत जायचे, मजेत, एखादी बातमी द्यावी तसं. मागे बसलेली प्रज्ञा शरमेनं तोंड त्यांच्या पाठीत लपवायची. आपल्याकडे काय नाही ते असं गावभर ओरडत का सांगायचं, हा तिचा लहानपणचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. मोठेपणी तिने त्याचं उत्तर काढलं ते असं, की काहीच कुणाला सांगायचं नाही. शाळेत पुस्तक नव्हतं, सांगितलं नाही. लग्नात अंगात ताप होता, सांगितलं नाही. फोटोत तिचे गाल लाल आलेत, त्याचं अजून कौतुक होतं. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा प्रवीणला ते डॉक्टरांकडून कळलं. आणि आता हे. पुढे कांद्याचा ट्रक दिसला तेव्हाही ती कालव्याच्या उतारावरच होती, आणि ट्रक अंगावर येत नसून आपण ट्रकवर चाललोय, हे तिला एका क्षणाने उशिरा कळलं.

ट्रक गोगलगायीच्या चालीने उतरत होता. त्याच्या पाठीवर कांद्याच्या लाल जाळ्या बांधल्या होत्या, त्या एकेक करून मोठ्या होत गेल्या. आता कांद्याची सालं दिसायला लागली. समोरून घाट चढत एसटी येत होती. प्रज्ञाने आजवर हॉर्न वाजवला नव्हता. माणसाला पाठीमागून दचकवणं तिला असभ्य वाटायचं. बाजारपेठेत ती शेळीच्यासुद्धा मागे उभी राहायची. आता तिने हॉर्नवर सगळा तळवा टेकवला आणि उचललाच नाही. हॉर्नच्या आवाजात तिला भीमराजचा आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची लाज वाटली नाही. ट्रकवाल्याने घाबरून डावीकडचा सगळा घाट जवळ केला. प्रज्ञा मधल्या फटीत शिरली. एका बाजूला कांदा, एका बाजूला एसटीच्या खिडक्या, खिडकीत ऊस सोलत बसलेला एक माणूस, त्याचं दातात धरलेलं पेर. हे सगळं तिने अगदी सावकाश पाहिलं. मग दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. प्रवीणने प्लास्टरचा हात डाव्या हाताने उराशी धरला होता. "प्रज्ञा," तो म्हणाला, "घाटात ओव्हरटेक करत नाहीत." "हो," प्रज्ञा म्हणाली. "तुला एवढी घाई कसली आहे?" घाई तिला नव्हतीच, गाडीला होती.

यानंतर गीताबाई गप्प झाली. एकदम, शब्दही नाही. प्रज्ञाने आरशात पाहिलं. सासू सीटच्या कडेला येऊन, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून, ओठ मिटून बसली होती आणि दोन सीटांच्या मधून खाली कुठंतरी बघत होती. रागावली, प्रज्ञाच्या मनात आलं. हा राग तिच्या ओळखीचा होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, तवा तापला असताना गीताबाई म्हणाली होती, थांब, भाकरी मी टाकते; आणि प्रज्ञा थांबली नव्हती. तेव्हा गीताबाई अशीच ओठ मिटून बसली होती, ती तीन दिवस. बाईमाणसाला लघवीला थांबू न देणं यावर किती दिवस बसेल, याचा हिशोब प्रज्ञाच्या मनात आपोआप सुरू झाला. समोर दरी, पायाखाली हवा, आणि ती सासूच्या अबोल्याचे दिवस मोजत होती. मरताना माणसाला सगळं आयुष्य दिसतं म्हणतात. तिला फक्त पुढचा आठवडा दिसत होता, आणि त्यात भांड्यांचा फार आवाज होता.

शेवटचं वळण संपलं तसा रस्ता आडवा होऊ लागला. पण पुरता आडवा नाही. करंजी गावापर्यंत त्याचा कल खालीच होता, आणि गावाच्या अलीकडे, रस्ताभर, मेंढ्या होत्या. एक माणूस खांद्यावर काठी आडवी टाकून त्यांच्यामध्ये उभा होता, आणि त्याला कुठं जायची गरज दिसत नव्हती. प्रज्ञाने पहिला टाकला. गाडीने अंग झाडलं, प्रवीणचं डोकं पुढे जाऊन मागे आलं. डावीकडे एक मुरमाड वाट वर चढत शेताकडे गेलेली होती. ती तिला दिसली की तिने शोधली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. स्टिअरिंग डावीकडे गेलं, गाडी धाडकन रस्त्याखाली उतरली आणि वाटेला लागली, दगड पोटाला लागले, प्रवीण म्हणाला, "अगं नळी, नळी," आणि प्रज्ञाने हात लांबवून ते बटण मधोमध ठेवलं, जिथे काहीच नव्हतं. इंजिन बंद पडलं. चढाने गाडीला हळूहळू आपल्याकडे ओढून घेतलं. एक बोरीचं झाड जवळ येत येत खिडकीशी थांबलं.

एवढी शांतता झाली की ज्वारीच्या ताटांची कुजबुज ऐकू आली. मोटार स्कूलमध्ये शिकवल्याप्रमाणे प्रज्ञाने गिअर काढला. मागचं दार उघडलं आणि गीताबाई आपल्या वयाला न शोभेलशा चपळाईने खाली उतरली. आणि बोरीचं झाड खिडकीतून पुढे सरकायला लागलं. "प्रज्ञा," प्रवीण म्हणाला, "गाडी मागं चाललीय." "हो." "मग ब्रेक दाब." "दाबलाय." प्रवीणने तिच्या पायाकडे पाहिलं. पाय अगदी तळाशी होता. त्याने पायाकडून तिच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पायाकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कार्बन, जपान, इंजिनाचं तापणं, असं सगळं एकेक करून उतरत गेलं. तेवढ्यात मागे ठप्प झालं आणि बोरीचं झाड जागच्या जागी थांबलं. प्रज्ञाने दारातून मान बाहेर काढली. गीताबाईने मागच्या चाकाखाली भला मोठा दगड सरकवला होता आणि दुसरा उचलून ती पलीकडच्या चाकाकडे निघाली होती. तोही लावून झाल्यावर तिने हात झाडले. "आता जाऊन येते," ती म्हणाली, आणि ज्वारीत शिरली.

ती परत येईपर्यंत प्रवीण चालकाच्या जागेवर बसून होता. त्याने ब्रेक तीन वेळा स्वतः दाबून पाहिला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "कधीपासून?" "तुम्ही कार्बनचं सांगत होता तेव्हापासून," प्रज्ञा म्हणाली. "आणि तू बोलली नाहीस." ती बांधावर बसली होती, तिने मान हलवली. गीताबाई पदराने तोंड पुसत आली. प्रवीणने विचारलं, "आई, तुला कसं कळलं?" "कांद्याच्या टरकापशी. तिचा पाय बघितला, शिलाईच्या मशिनीवानी वर-खाली चालला हुता. म्हनलं, काय तरी गेलंय." "मग तू तरी बोलायचंस." "बोलले असते तर तू तिचा हात धरला असतास." गीताबाई बांधावर प्रज्ञाशेजारी टेकली. "उसाच्या गाड्यास्नी कुठला आलाय ब्रेक," ती म्हणाली. ती बोलत होती ते प्रवीणशी, पण बघत होती मेंढ्यांकडे. "कारखान्याच्या उताराला गाडी सुटली की आमी बाया वर उसावर बसलेल्या असायचो. गाडीवानाला कुनी एक शबूद बोलायचं न्हाई. बोललं की त्याचं ध्यान जातं. म्या बी मग गप झाले. धरून बसले." "काय धरून?" प्रवीणने विचारलं. "सगळंच," गीताबाई म्हणाली.

प्रज्ञाला हसू आलं, आणि हसताहसता तिच्या लक्षात आलं की तिचा उजवा पाय अजून दाबतो आहे. बांधाच्या मातीवर तो दाबत होता, सोडत होता, दाबत होता. माती खाली जात नव्हती. भीती आता आली होती. घाटात वळणावळणावर मागे राहिलेली, दमलेली, धापा टाकत एकेक येत होती. ट्रकची आली, एसटीची आली, दरीची सगळ्यात शेवटी आली. गीताबाईने आपला रुंद, भेगाळलेला तळवा सुनेच्या गुडघ्यावर ठेवला आणि पाय थांबेपर्यंत तिथंच ठेवला. थांबायला पुष्कळ वेळ लागला.

करंजीहून प्रवीणने गोरक्षनाथ नावाच्या मिस्त्रीला आणलं. तो पोतं अंथरून गाडीखाली शिरला आणि खालूनच बोलायला लागला. "ही तांब्याची नळी कुनी टाकली?" प्रवीण बोरीच्या झाडाकडे बघू लागला. "हिनं घासून घासून ब्रेकच्या नळीला भोक पाडलंय. सगळं ऑइल घाटात गेलं." गॅसची नळी त्याने बाजूला घेतली, ब्रेकची नळी बदलली, ऑइल भरलं, प्रज्ञाला आत बसवून पंधरा-वीस वेळा ब्रेक मारायला लावला. मग बाहेर येऊन त्याने कापडाला हात पुसत आळीपाळीने तिघांकडे पाहिलं, प्रवीणच्या प्लास्टरवर त्याची नजर थांबली, आणि आदराने गीताबाईकडे वळून तो म्हणाला, "घाट कुनी उतरवला?" "ही काय," गीताबाई म्हणाली, "सून माझी." गोरक्षनाथाने मान डोलावली. "मग पुढं बी त्यांनाच नेऊ द्या." दुसऱ्या कुणी न्यायचा प्रश्नच नव्हता, पण ते कुणीतरी म्हणायला हवं होतं असं प्रज्ञाला वाटलं.

निघताना गीताबाई पुढच्या सीटवर बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. प्रवीण काही क्षण उघड्या दारापाशी उभा राहिला आणि मग मागे जाऊन, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या नव्या मुलासारखा बसला. प्रज्ञाने ब्रेक दाबला. तो टणक होता, भरलेला. पाय अर्ध्यावरच थांबत होता. तिने तीनदा दाबून पाहिला. विश्वास बसला नाही. गाडी दुसऱ्या गिअरवर घेऊन ती रस्त्याला लागली आणि दुसऱ्यावरच राहिली. मोटारसायकली मागून येऊन निघून गेल्या. चारा भरलेल्या एका ट्रॅक्टरने हॉर्न देत तिला मागे टाकलं. तिसगाव आलं आणि गेलं. मागच्या सीटवरून एवढ्या वेळात एक शब्द आला नव्हता, आणि त्या न येण्याकडे दोघी बायका, एकमेकींकडे न बघता, कान लावून होत्या. तिसगाव सोडून मैलभर झाल्यावर प्रवीण खाकरला. "म्हणजे आपलं," तो म्हणाला, "तिसरा टाकला तरी चालेल."

गीताबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "टाकंल तिच्या मनानं," ती म्हणाली.

सूर्य पाठीमागे कलला होता. गाडीची सावली तिच्या पुढे पुढे पळत होती, आणि दोन्हीकडे ज्वारी उभी होती. प्रज्ञाने लगेच काही केलं नाही. अमरापूर मागे टाकलं, रस्ता सरळ झाला, समोर कुणीच नव्हतं. तेव्हा तिने क्लच दाबला आणि तिसरा टाकला.